एका दिवसाचे लग्न, दोन घरांच्या चाली: कोणते विधी ठेवावेत?

शेवंती_परळ

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत माझे लग्न ठरले आहे आणि त्याच्या आखणीसाठी येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. आमचे घर मूळचे राजापूरकडचे असले तरी तीन पिढ्या परळला आहेत. सासर उरण तालुक्यातील आगरी कुटुंब आहे. दादरला एक सभागृह सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळेसाठी मिळाले आहे आणि दोन्ही घरांची मिळून १८० माणसे असतील. याहून मोठे कार्य करायचे नाही, हे आम्ही दोघांनी सुरुवातीलाच ठरवले आहे.

अडचण वेळेची आहे. आमच्या गुरुजींच्या मते सर्व विधी नीट करायचे तर साडेचार तास लागतील. सासरकडच्यांची इच्छा आहे की त्यांच्याकडच्या धवलारीणबाईंनी सभागृहातही धवले, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, गावेत, आणि मलाही ते मनापासून हवे आहे. पुण्याहवाचनाला (कार्याच्या आरंभीच्या पूजेला) आणि कन्यादानाला आमचे थोरले काका-काकू बसतील. सीमांतपूजन, गौरीहर, मधुपर्क, मंगलाष्टके, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, ऐरणीदान, सूनमुख यांपैकी काय ठेवावे, काय सोडावे आणि काय आदल्या दिवशी घरी उरकावे? घाईघाईने सगळे करण्यापेक्षा थोडे करावे, पण ते काय चालले आहे हे आम्हा दोघांना कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

भायखळा_लोकल

अभिनंदन. विधींबद्दल जाणकार सांगतीलच, मी फक्त वाहतुकीचे सांगतो, कारण माझ्या बहिणीच्या लग्नात मुहूर्त टळला तो याच कारणाने.

तारीख रविवारची आहे का? असल्यास आधी मेगाब्लॉकचा, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवण्याचा, विचार करा. रविवारी दिवसा मध्य आणि हार्बर या दोन्ही मार्गांवर बहुधा ब्लॉक असतो आणि उरणहून लोकलने येणाऱ्यांना नेरूळला गाडी बदलून हार्बरनेच पुढे यावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून न्हावाशेव्याहून शिवडीला येणे फार सोपे झाले आहे, परंतु त्या सेतूवर दुचाकी आणि रिक्षा यांना परवानगी नाही. त्यामुळे सासरकडची तरुण मंडळी मोटारसायकलवर निघणार असतील तर त्यांना वाशीमार्गेच यावे लागेल, हे आधी सांगून ठेवावे. दोन बस ठरवून सेतूवरून आणणे मला सर्वांत खात्रीचे वाटते.

सभागृह आठला मिळते याचा अर्थ सजावटवाले आठला आत येतात. प्रत्यक्ष विधी साडेनवाच्या आत सुरू होत नाहीत आणि तीन वाजता रिकामे करायचे म्हणजे अडीचला आवराआवर सुरू होते. तुमच्या हातात पाच तास आहेत असे धरूनच चाला.

मिठागर_उरण

ताई, आमच्या तालुक्यात तुमचे स्वागत असो.

धवलारीणबाईंना बोलावण्याचा विचार ऐकून फार समाधान वाटले. आगरी समाजात लग्न लावण्याचा मान परंपरेने या स्त्रियांचा आहे आणि त्या जे गातात ती नुसती करमणुकीची गाणी नव्हेत, ते धवले म्हणजे आमचे विधीच होत. देवांना आवतण देण्यापासून हळद, मांडव, नवऱ्याचे निघणे अशा प्रत्येक टप्प्याचा वेगळा धवला असतो. माझ्या आजीच्या पिढीत पन्नास-साठ धवले तोंडपाठ असणाऱ्या बायका गावोगाव होत्या. आता डीजेच्या आवाजात त्यांचा आवाज कोणाच्या कानापर्यंत पोहोचत नाही, याचे मला वाईट वाटते.

एक कळकळीची सूचना आहे. सभागृहात त्यांना कोपऱ्यात बसवून मधल्या वेळेत दोन गाणी म्हणायला सांगू नका. त्यांना एक पूर्ण टप्पा द्या. आमच्या चुलतभावाच्या लग्नात वधूवर बोहल्यावर येण्याआधी वीस मिनिटे फक्त धवले झाले, ध्वनिक्षेपक बंद ठेवला होता आणि सभागृहात बसलेली सगळी माणसे गप्प होऊन ऐकत होती.

हळदीचा मुख्य कार्यक्रम आदल्या रात्री उरणलाच होऊ द्या. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा नियम २००० सालापासून आहे, तेव्हा हळद संध्याकाळी सहाला सुरू करावी. दहानंतर धवलारीणबाईंनाच गाऊ द्यावे, त्यांना ध्वनिक्षेपक लागत नाही.

गिरगाव_शिक्षिका

मी निवृत्त संस्कृत शिक्षिका आहे आणि गेली काही वर्षे पौरोहित्यही करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

ज्याने विवाह सिद्ध होतो असे विधी आणि ज्याने तो शोभतो असे विधी, हा भेद आधी लक्षात घ्यावा. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे विवाह वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लावता येतो, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. म्हणजे तुमच्या सासरची रीतही कायद्याच्या दृष्टीने तितकीच समर्थ आहे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की विधीच झाला नसेल, तर नुसत्या नोंदणीच्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की या कायद्याखाली कन्यादान आवश्यक नाही.

माझ्या मते पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण आणि सप्तपदी हे चार विधी अर्थ सांगत, सावकाश करावेत. लाजाहोमात वधूच्या ओंजळीत लाह्या घालण्याचा मान तिच्या भावाचा असतो. अश्मारोहणात वधू सहाणेवर पाय ठेवते आणि तिला दगडासारखी स्थिर राहा असे सांगितले जाते. मी हल्ली वरालाही पाय ठेवायला सांगते. सप्तपदीतील सात पावले अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांच्यासाठी आणि सातवे सख्यासाठी असते. त्या सातव्या पावलाशी वराने वधूला 'सखा' म्हणायचे असते. बहुतेक लग्नांत नेमके त्या वेळी छायाचित्रकार दोघांना थांबवून मागे वळायला सांगतो. छायाचित्रकाराला आधी बजावून ठेवावे.

सीमांतपूजन आदल्या दिवशीचेच आहे, ते तेथेच ठेवावे. ग्रहमख (ग्रहशांतीचा होम) आणि देवक (कुलदेवतांची स्थापना) घरी करावे. कानपिळी, म्हणजे वधूच्या भावाने वराचा कान पिळणे, दोन मिनिटांची आहे, तुमच्या भावाला हौस असेल तर अवश्य ठेवा. ऐरणीदान आणि सूनमुख जेवणानंतर, निरोपाच्या आधी करता येतात.

पंगत_हवीच

जेवणाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. १८० माणसांत पंगत शक्य आहे. नव्वदच्या दोन पंगती, प्रत्येकी चाळीस मिनिटे. केळीचे पान, वरणभात, मसालेभात, अळूची भाजी, कोशिंबीर, पंचामृत, जिलबी, मठ्ठा. एवढ्या माणसांसाठी बुफेच्या रांगेत आजीआजोबांना ताट धरून उभे करू नये. आमच्या घरी पंगत केली तेव्हा पानात टाकलेले अन्न फार थोडे होते, कारण वाढणारा विचारून वाढतो. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी काही केटरर अजून त्या आणतात. करारात केळीचे पान किंवा स्टीलचे ताट असे लिहून घ्या.

आकाशकंदील_ठाणे

@पंगत_हवीच, मला ते पटत नाही. सभागृह तीनला सोडायचे आहे. मुहूर्त पावणेबाराचा धरला तरी दुसरी पंगत उठेपर्यंत अडीच वाजतील आणि शेवटी विहिणीच्या पंगतीला कोणी उरणार नाही. ज्येष्ठांसाठी एक पंगत आणि इतरांसाठी बुफे अशी सोय आम्ही केली होती, ती चांगली चालली.

पंगत_हवीच

तुमचा मुद्दा योग्य आहे. उरणची मंडळी पहाटे निघणार असल्याने पहिली पंगत मुहूर्ताआधी अकराला त्यांची बसवावी, म्हणजे दुसरी मुहूर्तानंतर लगेच बसेल.

अबोली_माहीम

मूळ लेख दोनदा वाचला. काका आहेत, काकू आहेत, गुरुजी आहेत, धवलारीणबाई आहेत. शेवंती, तुमची आई कोठे बसणार आहे?

शेवंती_परळ

अबोलीताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला दोन दिवस लागले, त्याबद्दल क्षमा करा.

बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. लग्नाची सगळी बोलणी आईनेच केली, सभागृहाची अनामत तिने भरली, सोन्याचे तिनेच पाहिले. परंतु विधींची यादी करायला बसलो तेव्हा गुरुजींनी विचारले की कन्यादानाला कोण बसणार, आणि आई लगेच म्हणाली, "भावोजी आणि वहिनी बसतील." कोणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही. पत्रिकेचा मसुदा काकांनी केला आहे. त्यात निमंत्रक म्हणून काकांचे नाव आहे आणि खाली एका ओळीत आईचे नाव 'गं. भा.' (गंगाभागीरथी, विधवेच्या नावाआधी लावतात ते) लावून आहे. काका वाईट नाहीत, बाबांच्या आजारपणात त्यांनी दिवसरात्र एक केला. त्यांना दुखवायचे नाही. परंतु ती दोन अक्षरे वाचल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही.

मूळ प्रश्न लिहिताना मी हे मुद्दाम टाळले असावे. खरा प्रश्न हाच आहे.

दत्तात्रय_मुलुंड

शेवंतीताई, तुमच्या भावनेचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. वडिलांच्या पश्चात वडीलधाऱ्या काकांनी पुढे होणे ही जबाबदारी आहे, तो अधिकार गाजवण्याचा प्रकार नव्हे. मी स्वतः पुतणीच्या लग्नात बसलो आणि तो माझ्या आयुष्यातील सर्वांत जड क्षण होता, कारण माझ्या भावाच्या जागी मी होतो. वहिनीचा अपमान करावा असे माझ्या मनातही नव्हते. शास्त्रात जो क्रम आहे तो पाळावा, घरात लग्नाच्या तोंडावर वाद घालू नये.

गिरगाव_शिक्षिका

दत्तात्रयराव, शास्त्राचा क्रम तुम्ही काढलात म्हणून सांगते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात कन्या देण्याचा अधिकार कोणाकडे, याचा क्रम दिलेला आहे: पिता, पितामह, भाऊ, कुळातील पुरुष आणि जननी. आधीचा नसेल तर पुढच्याने ती द्यावी, असे तेथे म्हटले आहे. या क्रमात काका 'कुळातील पुरुष' म्हणून येतात, परंतु सख्खा भाऊ त्यांच्याआधी आहे आणि आईचे नाव स्पष्ट आहे. ते शेवटी आहे हे मी नाकारत नाही. परंतु जिचे नाव स्मृतिकाराने घेतले तिला बसताच येत नाही, हे म्हणणे शास्त्राचे नव्हे. ती नंतर जडलेली रूढी आहे.

शेवंती, तुम्हाला भाऊ आहे का?

शेवंती_परळ

हो, धाकटा आहे. चोवीस वर्षांचा.

भीमज्योत_चेंबूर

आमच्याकडचा अनुभव सांगते. माझे लग्न चेंबूरला बौद्ध पद्धतीने झाले. तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती आणि फुले, मग त्रिशरण, पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, मंगलगाथा. विधी पाऊण तासात संपला. मेणबत्ती माझ्या सासूबाईंनी लावली. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याच्या लहानपणीच गेले होते. त्यांनी ती लावावी की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही.

तुमचे लग्न वेगळ्या पद्धतीचे आहे, त्यामुळे आमची रीत घ्या असे म्हणत नाही. हे आमच्या घरी सहज घडले, एवढेच सांगायचे होते.

सत्यवादी_लालबाग

महाराष्ट्रात याचा विचार दीडशे वर्षांपूर्वी झालेला आहे, हे नोंदवणे अगत्याचे वाटते. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहित नव्हता आणि खर्च अगदी नाममात्र होता. जोतीरावांनी विवाहासाठी मराठी मंगलाष्टके रचली आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की ती वधू आणि वर एकमेकांना उद्देशून स्वतः म्हणतात. वधू त्यात स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर त्याची शपथ घेतो. मुलगी दान द्यायची वस्तू नाही, ही भूमिका त्यात आहे.

माझ्या मुलीचे लग्न आम्ही परळच्या एका शाळेच्या सभागृहात याच पद्धतीने केले. तिने आणि जावयाने मंगलाष्टके महिनाभर पाठ केली होती. मध्येच जावई अडखळला, तेव्हा मुलीने त्याची ओळ त्याला सांगितली. शेवंती, कन्यादान सोडून देण्याचा विचार करावा. मग कोण बसणार हा प्रश्नच राहत नाही.

दत्तात्रय_मुलुंड

सोडून दिल्याने प्रश्न सुटतो हे पटत नाही. तसे केले तर काकाही उठतील आणि आईही बाहेरच राहील. तिला जागा द्यायची असेल तर जागा ठेवावी लागेल.

अबोली_माहीम

दत्तात्रयकाका, हे तुम्ही फार मोलाचे बोललात.

तुळस_वसई

पूर्ण वेगळ्या घरातली एक रीत सांगते. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मराठी बोलणारे कॅथलिक. लग्न चर्चमध्ये होते, परंतु आदल्या दिवशी 'उंबराचे पाणी' असते. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्याने नवऱ्यामुलीला किंवा नवऱ्यामुलाला आंघोळ घालतात. चर्चमधील विधीत धर्मगुरू पुढे असतात, पण या विधीत आई, मावशी, शेजारीण याच पुढे असतात. तुमच्या घरीही हळदीच्या दिवशी पहिले पाणी आईच्या हातचे असावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये असे मला वाटते.

ओंजळ_डोंबिवली

मी येथे सहसा लिहीत नाही. वय ६८. हा धागा सुनेने वाचायला दिला.

माझ्या मोठ्या मुलाचे लग्न १९९९ साली झाले तेव्हा हे जाऊन चार वर्षे झाली होती. सभागृहातील वरपक्षाची खोली मंडपाच्या मागे होती. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा मी त्या खोलीत दागिन्यांच्या पेटीजवळ बसले होते. कोणीतरी पेटीजवळ थांबायला हवे होते, असे मी सगळ्यांना सांगितले आणि सगळ्यांनी ते मानले. 'सावधान' एवढा शब्द ऐकू आला, मग वाजंत्री. अक्षता माझ्या मुठीत तशाच राहिल्या. त्या मी नंतर पदराच्या टोकाला बांधून घरी आणल्या.

मला कोणीही मनाई केली नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचे आहे. आपल्यामुळे मुलाच्या संसाराला काही लागू नये, ही भीती माझ्या आत होती, आणि ती मला माझ्या आईने, तिला तिच्या आईने दिली होती. त्या वेळी मला चारचौघांत कोणी आग्रह केला असता तर मी नक्की नाही म्हणाले असते आणि वर रागावलेही असते. धाकट्या मुलाच्या वेळी ही सून होऊन घरात येणारी मुलगी लग्नाआधी एका दुपारी एकटीच आली, चहा घेतला आणि म्हणाली, "आई, तुम्ही अक्षता टाकायला समोर नसाल तर मला चुकल्यासारखे होईल." एवढेच. मी त्या लग्नात पहिल्या रांगेत उभी होते.

शेवंती बाळा, गुरुजींना किंवा काकांना सांगण्याआधी आईला एकटीला गाठ. तिला हक्काबिक्काचे सांगू नकोस. तुला काय हवे आहे ते सांग.

मिठागर_उरण

आजी, तुम्ही लिहिलेले आमच्या आईला मोठ्याने वाचून दाखवले.

सायन_वकील

या संदर्भात एक सामाजिक नोंद. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्या ठरावानंतर माझ्या गावच्या मावशींनी हळदीकुंकवाला जायला सुरुवात केली. ठरावाने सगळे बदलत नाही, परंतु ज्यांना बदलायचे होते त्यांना निमित्त मिळाले.

नोंदणीचेही सांगून ठेवतो. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली विवाहाची नोंदणी करावी. तीन साक्षीदार लागतात, आणि त्यात आई साक्षीदार असू शकते. लग्नपत्रिका जोडावी लागते, म्हणून पत्रिकेतील नावे आधारकार्डाप्रमाणे छापा. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली करायचे असेल, तर ३० दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते आणि ती तीन महिन्यांपर्यंतच चालते.

शेवंती_परळ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. बरेच काही ठरले आहे.

ओंजळआजी, तुम्ही सांगितले तसेच केले. गेल्या रविवारी भाऊ बाहेर गेलेला असताना आई मटार सोलत होती, मी शेजारी बसले. मी म्हणाले की माझा हात त्याच्या हातात जाईल तेव्हा त्यावर पडणारे पाणी तुझ्या हातचे हवे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की बाबा असते तरी धार मीच धरली असती, ते तर माझेच काम होते. खरेच आहे. कन्यादानात झारीची धार आईच धरते. इतके दिवस आम्ही कोणीच त्याचा विचार केला नव्हता.

तिने दोन अटी घातल्या. पुण्याहवाचनाला काका-काकूच बसतील, त्यांचा मान कमी होता कामा नये. आणि काकांना हे ती स्वतः सांगेल, मी नाही. तिने फोन केला, मी स्वयंपाकघरात होते. काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपणहून नको म्हणालात म्हणून मी पुढे झालो." दत्तात्रयकाका, त्या वेळी मला तुमचे पहिले उत्तर आठवले.

गुरुजींशी बोलणे झाले. भाऊ कन्यादानाला बसेल आणि आई धार धरेल. त्यांनी थोडा विचार केला आणि मान्य केले. शिक्षिकाबाईंनी सांगितलेला स्मृतीतील क्रम त्यांना ठाऊक होता, फक्त इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते असे म्हणाले. सत्यवादी_लालबाग, 'दान' हा शब्द मलाही खुपतो. गुरुजी संकल्पानंतर मराठीत अर्थ सांगताना 'हात हातात देणे' असे म्हणणार आहेत. एवढ्याने तुमचे समाधान होणार नाही हे मी जाणते. मंगलाष्टकांत मात्र शेवटची दोन आम्ही दोघे एकमेकांसाठी म्हणणार आहोत, ती कल्पना तुमच्याकडून घेतली.

तारीख रविवारवरून शनिवारी आणली, सभागृहाचे भाडेही त्यामुळे थोडे उतरले. ग्रहमख, देवक आणि आमच्याकडची हळद शुक्रवारी सकाळी परळला होईल आणि हळदीनंतरचे पहिले पाणी आई घालेल. संध्याकाळी उरणला हळद आहे, त्यामुळे त्या दिवशीचे सीमांतपूजन गाळले. शनिवारी दोन बस सेतूवरून येतील. साडेनऊला पुण्याहवाचन, अकराला उरणच्या मंडळींची पंगत, त्याच वेळी माझे गौरीहरपूजन. सव्वाअकराला धवले, वीस मिनिटे, ध्वनिक्षेपकाशिवाय. पावणेबाराला अंतरपाट. पुढे हात हातात देणे, लाजाहोम, अश्मारोहण आणि सप्तपदी सलग, आणि सहाणेवर दोघांनी पाय ठेवायचा. दुसरी पंगत लाजाहोम सुरू होताच बसवायला घेणार आहोत, कारण ज्यांना विधी पाहायचे आहेत ते थांबतीलच. मधुपर्क आणि ऐरणीदान सोडले. कानपिळीसाठी भावाने हट्ट धरला आहे.

गिरगाव_शिक्षिका

फार नेटकी आखणी आहे. एकच सुधारणा सुचवते. लाजाहोम सुरू असताना पंगत बसवू नका. वाढप्यांच्या गडबडीत सप्तपदी कोणाला ऐकू येणार नाही. वीस मिनिटे थांबा. ऐरणीदान सोडल्याने तेवढा वेळ मिळालाच आहे.

पंगत_हवीच

बाईंशी सहमत आहे. जिलबी वीस मिनिटांत निवत नाही.

मिठागर_उरण

धवलारीणबाईंसाठी बोहल्याजवळ सतरंजी हवी, खुर्च्या नकोत. आणि त्यांना आधी चहा द्या, त्या पहाटे चारला उठलेल्या असतील.

अबोली_माहीम

पत्रिकेचे काय झाले?

शेवंती_परळ

@गिरगाव_शिक्षिका, मान्य. पंगत सप्तपदीनंतर.

@मिठागर_उरण, सतरंजी आणि चहा दोन्ही यादीत लिहिले.

अबोलीताई, काल आई, काका आणि मी क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर गेलो होतो. काकांनी नवा मसुदा करून आणला होता. निमंत्रकांत पहिले नाव आईचे आणि दुसरे त्यांचे. मात्र सवयीने असेल, आईच्या नावाआधी पुन्हा 'गं. भा.' आले होते. दुकानदाराने तपासायला कच्ची प्रत दिली तेव्हा आईने त्याच्याकडून पेन मागून घेतले, ती अक्षरे खोडली आणि वर 'श्रीमती' लिहिले. मग वकीलसाहेबांच्या सूचनेप्रमाणे पिशवीतून आधारकार्ड काढून स्वतःच्या नावातील एक वेलांटीही दुरुस्त केली. काकांनी प्रत हातात घेऊन पुन्हा सगळी वाचली आणि खाली सही केली. २०० प्रती मंगळवारी मिळतील.